तिरकी दोरी

(मंडळाच्या मराठी शाळेच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या व्यासपीठावर आजवर डॉक्टर बोलून गेले, इंजिनिअर बोलून गेले, टॅक्स कसा वाचवायचा ते सांगणारेही येऊन गेले. पी.टी.ची बाई बहुधा पहिलीच! माझी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, तू बोलणार काय? सगळ्यांना उठाबशा काढायला लावशील." घाबरू नका. बटाटेवडे होईपर्यंत कुणालाही खुर्चीवरून उठवणार नाही.

मी विदर्भातली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. केलं. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था, मल्लखांब, लेझीम, कवायत सगळं तिथे अंगात मुरलं. मग एका गावातल्या शाळेत चार वर्षं नोकरी, मग लग्न आणि मग हे न्यू जर्सी. इथे पुन्हा कॉलेजात बसले, शिक्षकाचं लायसन्स काढलं आणि तेव्हापासून इथल्या शाळेत मुलांना पळवते आहे.

दर सप्टेंबरला एक-दोन आपले पालक हमखास भेटतात. "मॅडम, जिमच्या तासाला हिला सूट मिळेल का? तेवढ्यात मॅथ्स होईल." नाही मिळत हो! न्यू जर्सीच्या कायद्याने पहिली ते बारावी आठवड्याचे अडीच तास आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला द्यावेच लागतात. दुसरे पालक अगदी उलट. "खेळाने टीमवर्क येतं, लीडरशिप येते, कॉलेजच्या अर्जावर बरं दिसतं." या दोघांनाही माझं सांगणं एकच आहे. खेळ आपोआप काही शिकवत नाही. त्याच कबड्डीत एक मूल धीट होतं आणि दुसरं शिकतं, की आपण कुणालाच नको आहोत. ते कुठल्या बाजूला जाणार हे बरंचसं शिकवणाऱ्यावर असतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या हातून घडलंय.

गावच्या शाळेत मी उंच उडी घ्यायची. दोन खांब, मध्ये बांबू. बांबू पाडला की बाद आणि बाद झालेल्यांनी लिंबाच्या झाडाखाली बसायचं. सातवीतला एक मुलगा, जरा जाडसर, दर वेळी पहिल्या फेरीतच झाडाखाली. आणि मी विनोदी बाई ना! "झाड धरून ठेव रे, पडेल," असं म्हणायचे. वर्ग हसायचा. तोही हसायचा, म्हणून मला वाटायचं सगळं ठीक आहे. मग बुधवारी पी.टी.च्या दिवशी त्याचं पोट दुखायला लागलं. एकदा त्याची आई आली. शेतातून थेट आली होती. म्हणाली, "बाई, त्याला खेळायचं आहे हो. बसायचं नाही." मी म्हटलं, "सराव केला की जमेल." आता सांगा, जो तासभर झाडाखाली बसलाय तो सराव करणार कधी? ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच मी सगळ्यात आधी बसवत होते. चार महिन्यांनी मी इकडे आले. त्याच्याशी बोलायचं राहूनच गेलं.

इथे कॉलेजात पहिल्याच सत्रात प्राध्यापकांनी एक दोरी काढली. दोघांना कमरेइतकी आडवी धरायला सांगितली. सगळ्यांनी उड्या मारल्या. दोरी वर गेली तसे एकेक जण गळाले. नंतर ते म्हणाले, आता एक टोक जमिनीला टेकवा, दुसरं छातीपर्यंत न्या. दोरी तिरकी! ज्याला जिथून झेपेल तिथून त्याने उडी मारायची. कुणीच बाद नाही. आणि गंमत म्हणजे कुणी खालच्या टोकालाच चिकटूनही राहिलं नाही. जो तो स्वतःहून थोडा थोडा वर सरकायला लागला. मला त्या जिममध्ये लिंबाचं झाड दिसत होतं.

ही दोरी मस्का मॉस्टन यांची. मूळचे इस्रायलचे, आपल्या इथल्याच रटगर्स विद्यापीठात शिकवायचे. १९६६ मध्ये त्यांचं शारीरिक शिक्षणावरचं पुस्तक आलं, त्यात त्यांनी शिकवण्याच्या शैलींची एक मालिकाच मांडली. त्यांचा प्रश्न साधा होता: तासाला कुठला निर्णय कोण घेतं? सगळेच शिक्षक घेत असेल तर मूल काय शिकणार? हुकूम पाळायला. तेही लागतं बरं का! तिरंदाजीच्या तासाला मी एक शिट्टी मारली की सगळे जागच्या जागी थांबले पाहिजेत, तिथे चर्चा नाही. आणि साठ लेझमा एका ठेक्यावर वाजतात तेव्हाचं सुख मी कशालाही देणार नाही. पण आठवड्याचे सगळे तास "सावधान-विश्राम" असतील, तर मुलाला निर्णय घ्यायची सवय लागायची कधी?

खरं तर आपल्याकडे तिरकी दोरी होतीच. लिंबूटिंबू आठवतो? धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. वाड्यातल्या पोरांना जे कळत होतं, ते बी.पी.एड. झालेल्या मला कळलं नाही.

आता मी मुलांच्या जोड्या लावते. एक चेंडू फेकतो, दुसरा हातात कागद घेऊन बघतो: पाय पुढे आला का, कोपर वर होतं का. मी फक्त बघणाऱ्याशी बोलायचं, फेकणाऱ्याशी नाही. हाही मॉस्टन यांचाच नियम. मला फार जड जातं, जीभ चावून उभी राहते! सुरुवातीला बघणारा नुसता "राँग, राँग" ओरडतो. मी विचारते, "राँग म्हटल्यावर तो पुढच्या वेळी काय वेगळं करेल?" दोन-तीन आठवड्यांनी तोच म्हणतो, "पाय छान आला, आता कोपर बघ." दुसऱ्याची चूक त्याला न दुखवता सांगणं! माझ्या स्वैपाकघरात अजून तरी कुणाला जमलेलं नाही.

आणि खो-खो. हो, इथल्या मुलांना मी खो-खो शिकवते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही जिंकले. त्याच्या फिती दाखवल्या तर मुलं वेडी झाली. वर्गात एक वाऱ्यासारखा पळणारा मुलगा आहे. खो कुणाला द्यायचाच नाही, आपणच गडी बाद करणार. पळणारी मुलगी दोघांच्या मधून सटकून पलीकडे जायची आणि हा खांबाला वळसा घालत बसायचा. पूर्वीची मी ओरडले असते, "अरे खो दे!" आता खेळ थांबवून विचारलं, "ती कुठे गेली? तुला तिथे जाता येईल?" "नाही." "मग कुणाला येईल?" त्याने पहिल्यांदाच बसलेल्या आठ जणांकडे नीट पाहिलं. पुढच्या फेरीत त्याने खो दिला, तोही वर्गातल्या सगळ्यात सावकाश पळणाऱ्या मुलीला. कारण ती बरोब्बर जागेवर होती. गडी बाद झाला आणि टाळ्या तिला मिळाल्या. याचा चेहरा जरा उतरला, खोटं कशाला सांगू!

शिकागोचे डॉन हेलिसन बिकट परिस्थितीतल्या मुलांबरोबर वर्षानुवर्षं असंच काम करत होते. त्यांनी जबाबदारीच्या पायऱ्या सांगितल्या: दुसऱ्याचा मान, मनापासून प्रयत्न, स्वतःचं स्वतः ठरवणं, मदत करणं. शेवटची पायरी जिमच्या बाहेरची आहे. म्हणजे ती तुमच्या हातात, मंडळी! सॉकरवरून घरी जाताना गाडीत आपला पहिला प्रश्न असतो, "जिंकलात का? किती गोल केलेस?" एकदा विचारून बघा, "आज तू काय ठरवलंस?" पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. "आय डोन्ट नो" मिळेल. पुढच्या शनिवारी परत विचारा.

वड्यांचा वास यायला लागलाय, तेव्हा आवरते. मी गाडीतून एक दोरी आणली आहे. मागच्या मोकळ्या जागेत ती तिरकी धरायला दोघं जण हवेत. साडीवाल्यांनी खालच्या टोकाकडून यावं, काका मंडळींनी गुडघ्यांना विचारून जागा ठरवावी. झाडाखाली कुणालाही बसवणार नाही.