वेड नव्हे, औषधाचा परिणाम


माझ्या मावशीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि कित्येक महिन्यांनी ती शांत झोपली. पण आठवड्याभरात तिचे हातपाय झटके देऊ लागले, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. घरात कुणी म्हणालं, 'अंगात आलंय', कुणी म्हणालं, 'वेड लागलं'. गोळ्या बंद केल्या. मग रात्रभर ती कण्हत राहिली.

कारण दवाखान्यात कळलं. यकृतात मॉर्फिनपासून बनणारे घटक लघवीवाटे बाहेर पडतात. या कॅन्सरच्या गाठीने मूत्रवाहिन्या दाबल्या की ते रक्तात साठतात आणि मेंदूला त्रास देतात. डॉक्टरांनी औषध बदललं, फेंटानिलची पट्टी लावली. चार दिवसांनी मावशीने मला नावाने हाक मारली.

२०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला, तो मॉर्फिन रुग्णांपर्यंत सहज पोचावं म्हणून. आता औषधाबरोबर ही माहितीही घराघरात पोचवायला हवी. गोळी किती वाजता दिली, लघवी किती झाली, हे वहीत लिहा. झटके, भास, गुंगी दिसली तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. बायकांच्या सोसण्याचं कौतुक आता पुरे.