दंतारोग्याचा जमाखर्च : विजेचा ब्रश आणि पाण्याची धार कोणासाठी?

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवाल वर्षाच्या अखेरीस आपल्या काही हितचिंतकांनी विश्वस्त मंडळापुढे एक सूचना मांडली. परिसरातील शाळकरी मुलांना विजेवर चालणारे टूथब्रश संस्थेमार्फत वाटावेत आणि दंतविभागात पाण्याच्या धारेने दातांच्या फटी स्वच्छ करणारी यंत्रे, म्हणजेच वॉटर फ्लॉसर, उपलब्ध करून द्यावीत, असा त्यांचा मानस आहे. सूचनेमागील सद्भावनेबद्दल संस्था ऋणी आहे. या सूचनेवर टिपण सादर करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दंतवैद्यकाचा अधिकार माझ्याकडे नाही. तथापि आमच्या शास्त्रात एक नियम आहे, की कोणतीही वस्तू केवळ खरेदीच्या दिवशीच्या किमतीवरून जोखू नये; ती कोणाच्या उपयोगी पडणार, किती दिवस पडणार आणि तिच्यामागे दरवर्षी काय खर्च येणार, हे पाहावे. त्याच नियमाने मी हा विषय आपल्यापुढे मांडतो.

प्रथम या यंत्रांचा पूर्वेतिहास पाहू. विजेवर चालणारा पहिला यशस्वी टूथब्रश १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी तयार केला. ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित आहे असे रुग्ण आणि ज्यांच्या दातांना तारा बसविल्या आहेत अशा व्यक्ती त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पाण्याच्या धारेचे यंत्र १९६२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्स येथे, एक दंतवैद्य आणि एक जलशक्ती अभियंता यांनी मिळून विकसित केले. विजेच्या ब्रशाचा जन्म चैनीसाठी झाला नाही, तर हाताला जे साधत नाही ते साधून देण्यासाठी झाला, ही गोष्ट माझ्या पुढील सर्व प्रतिपादनाचा पाया आहे.

आता लाभाची बाजू. वैद्यकीय पुराव्यांचा निःपक्ष आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. साध्या ब्रशाच्या तुलनेत विजेच्या ब्रशाने दातांवरचा चिकट थर, ज्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात, तो पहिल्या एक ते तीन महिन्यांत ११ टक्के आणि त्यानंतरच्या काळात २१ टक्के अधिक कमी झाला. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्के अधिक उतरली. म्हणजे लाभ खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र हे आकडे थराचे आणि सुजेचे आहेत, वाचलेल्या दातांचे नव्हेत, हेही ध्यानात ठेवावे. पाण्याच्या धारेविषयी त्याच संस्थेच्या २०१९ च्या आढाव्याचा निष्कर्ष अधिक सावध आहे. ब्रशाच्या जोडीला ती वापरल्यास हिरड्यांची सूज काही प्रमाणात कमी होऊ शकते. प्लाक कमी होतो असे मात्र दिसून आले नाही. तात्पर्य, पाण्याची धार ही ब्रशाची सोबतीण आहे, ब्रशाला पर्याय नव्हे.

आता खर्चाची बाजू पाहू. हिशेबासाठी शंभर विद्यार्थ्यांची एक शाळा धरू. चार्ज होणारा साधारण प्रतीचा ब्रश १५०० रुपयांचा धरला, तर भांडवली खर्च दीड लाख रुपये. ब्रशाचे डोके दर तीन महिन्यांनी बदलावे लागते. पहिले डोके यंत्रासोबत येते. उरलेली तीन डोकी प्रत्येकी २०० रुपयांप्रमाणे ६० हजार रुपयांची होतात. टूथपेस्ट तर दोन्ही पद्धतींत लागतेच. दिवसाला अर्धा ग्रॅम या हिशेबाने एका मुलाला वर्षभर शंभर ग्रॅमच्या दोन नळ्या पुरतात. नळी ६० रुपयांची धरल्यास १२ हजार रुपये. एकूण पहिल्या वर्षाचा खर्च २ लाख २२ हजार आणि दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी ९२ हजार. याउलट ३० रुपयांचा मऊ केसांचा साधा ब्रश वर्षातून चार वेळा बदलून दिला, तर ब्रशांचे १२ हजार आणि पेस्टचे १२ हजार मिळून वर्षाला २४ हजार रुपये होतात. या किमती मी हिशेबापुरत्या धरल्या आहेत. बाजारात त्या थोड्या खालीवर होतील, प्रमाण फारसे बदलणार नाही. शंभर मुलांवरील पहिल्या वर्षाच्या रकमेत साध्या पद्धतीने नऊशेहून अधिक मुलांची वर्षभराची सोय होते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि टूथब्रश यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हेही साध्या साधनांच्या पथ्यावर पडले आहे.

यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा पुढच्या वर्षाचा आहे. देणगी एकदा मिळते, डोकी दर तीन महिन्यांनी लागतात. जिवतीच्या डोंगरावरील कोलाम-गोंडांच्या गुड्यांवर राहणाऱ्या मुलाने त्या विशिष्ट कंपनीचे डोके कोठून आणावे? केस वाकलेल्या डोक्याचा महागडा ब्रश हा नव्या केसांच्या साध्या ब्रशापुढे निरुपयोगी ठरतो. ज्या वस्तूचा आवर्ती खर्च घेणाऱ्याला पेलत नाही, ती वस्तू देणे म्हणजे दान करून ओझे देणे होय.

शाळेसाठी काय करावे, याचा एक उत्तम दाखला स्कॉटलंडमध्ये आहे. तेथील बालवाड्यांत मुलांकडून शिक्षिकांच्या देखरेखीखाली, साध्या ब्रशाने आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने, रोज दात घासून घेण्याचा उपक्रम राबविण्यात आला. पुढे तो ‘चाइल्डस्माइल’ या कार्यक्रमाचा भाग झाला. २००१-०२ मध्ये पाच वर्षे वयाच्या मुलांच्या दंतोपचारांवर होणारा खर्च २००९-१० पर्यंत निम्म्याहून खाली आला. तेथे यंत्र नव्हते; रोजचा नेम आणि देखरेख करणारी व्यक्ती होती. फ्लोराइडयुक्त पेस्टचे मोल जागतिक आरोग्य संघटनेनेही ओळखले असून २०२१ साली तिचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत केला आहे.

येथे आपल्या जिल्ह्यापुरती एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे भारतीय मानक आहे. दात जबड्यात घडत असताना बालकाच्या पोटात जास्त फ्लोराइड गेले, तर त्यांवर पांढरे वा तपकिरी डाग कायमचे उमटतात. ते डाग विजेच्या ब्रशानेही जात नाहीत. जोराने घासल्यास दातांची झीज मात्र होते. त्यावर उपाय पाण्याचा स्रोत तपासणे आणि बदलणे हाच आहे. अशा गावांतही पेस्ट वर्ज्य नाही. तीन वर्षांखालील बालकाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी द्यावी आणि ती गिळू न देता थुंकायला लावावी.

दुसरी गोष्ट खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत किती खोलवर रुजला आहे, हे मी आपणास सांगायला नको. आवारपूर, उपरवाही, नारंड्याच्या सिमेंट कारखान्यांतील पाळीवरचा कामगार असो, शेतमजूर असो वा महाविद्यालयीन तरुण, खर्ऱ्याची पुडी सर्वांच्या खिशात सापडते. घराघरांत मशेरी आणि गुडाखू दात घासण्याच्या नावाखाली चालतात. तंबाखू मिसळलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनांवर केंद्र शासनाने १९९२ सालीच बंदी घातली. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून शासन, ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या सहकार्याने मुक्तिपथ अभियानाने गावोगाव दारू-तंबाखूविरोधी काम उभे केले. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. सुपारीने तोंडाच्या आतील अस्तर हळूहळू कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. ज्याच्या तोंडात दोन बोटे शिरत नाहीत, त्याच्या तोंडात कोणता ब्रश शिरणार? खर्रा खाणाऱ्याने महागडा ब्रश घेतला, तर दातांवरचे डाग थोडे फिके होतील. गालाच्या आतील पांढरा किंवा लाल चट्टा त्यामुळे जाणार नाही. चकाकणारे दात पाहून तो निर्धास्त झाला, तर हा लाभ हानीहून वाईट ठरेल.

मग ही यंत्रे कोणी घ्यावीत? ज्यांच्या हाताला ती खरोखर आधार देतात, त्यांनी अवश्य घ्यावीत. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेले, संधिवाताने बोटे वाकलेली वा कंपवाताने हात थरथरणारे रुग्ण, दिव्यांग मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांचे दात घासून देणारे नातेवाईक यांच्यासाठी विजेचा ब्रश ही चैन नाही. अशा रुग्णाच्या तोंडातील जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात उतरले, तर न्यूमोनियाचा धोका असतो. म्हणून मुखस्वच्छता ही त्यांच्या शुश्रूषेचा भाग आहे. मात्र ज्या रुग्णाला गिळण्यास त्रास होतो, त्याच्या तोंडात पाण्याची धार सोडू नये. ठसका लागून पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. दातांना तारा, पूल किंवा कृत्रिम मुळे बसविलेल्यांना वॉटर फ्लॉसर उपयोगी पडतो. मधुमेही व्यक्तींनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते.

ज्यांना आवश्यकता आहे आणि ऐपतही आहे, त्यांनी खरेदी करताना काही गोष्टी पाहाव्यात. ब्रशाचे डोके लहान आणि केस मऊ असावेत. दोन मिनिटांचा वेळदर्शक आणि जोर जास्त झाल्यास इशारा देण्याची सोय असावी. या दोन गोष्टी असल्या की रंगीत दिवे आणि मोबाइलशी जोडणी यांवर पैसे खर्च करण्याची निकड नाही. वीज जाण्याचा अनुभव लक्षात घेता एका चार्जमध्ये आठवडाभर तरी चालणारा ब्रश निवडावा. डोकी चंद्रपुरात किंवा घरपोच नियमित मिळतात का, हे यंत्र घेण्यापूर्वी विचारावे. एका घरात यंत्र एक चालेल, डोके मात्र प्रत्येकाचे वेगळे हवे. साध्या ब्रशासारखा तो मागेपुढे घासू नये. एकेका दातावर हलकेच टेकवून क्षणभर थांबावे आणि पुढे सरकावे.

वॉटर फ्लॉसर वापरताना पिण्यायोग्य, कोमट पाणी घ्यावे. धार सर्वांत कमी दाबावर सुरू करावी, बेसिनवर वाकून तोंड किंचित उघडे ठेवावे आणि वापरानंतर टाकी रिकामी करून कोरडी ठेवावी. पाणी जड असल्यास टाकीत आणि नळीत क्षार साचतात, ते वेळोवेळी काढावेत. नुकतीच दाढ काढलेल्यांनी किंवा हृदयाच्या झडपेचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि ज्यांना हा खर्च पेलत नाही, त्यांच्यासाठी दातांच्या फटींत जाणारे छोटे ब्रश अगदी थोड्या किमतीत मिळतात; फटी मोठ्या असतील तेथे ते उत्तम काम करतात.

अध्यक्ष महोदय, या विवेचनाच्या आधारे माझी विनंती अशी आहे. शाळांसाठी येणारा निधी साधे ब्रश, फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि रोजच्या देखरेखीसाठी शिक्षक-अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण यांवर खर्च व्हावा आणि ही तरतूद किमान तीन वर्षांसाठी व्हावी. विजेच्या ब्रशांचा एक मर्यादित साठा पक्षाघाताच्या व दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या गरजू रुग्णांसाठी, डोक्यांच्या पुढील दोन वर्षांच्या खर्चासह, राखून ठेवावा. वॉटर फ्लॉसर एकच घ्यावा आणि तो दंतविभागात प्रात्यक्षिकासाठी ठेवावा. आणि रुग्णालयात कोणत्याही कारणाने येणाऱ्या खर्रा-तंबाखू सेवनकर्त्याची मुखतपासणी झाल्याशिवाय त्याला परत पाठवू नये. या शेवटच्या कामाला फक्त एक विजेरी, एक आरसा आणि दोन मिनिटे लागतात. आपल्या परिसरात याहून अधिक परतावा देणारी गुंतवणूक मला दिसत नाही.

दात्यांच्या मनातील हेतू मुलांचे दात वाचावेत हाच आहे. तो हेतू अधिक मुलांपर्यंत आणि अधिक वर्षे पोहोचावा, एवढाच या टिपणाचा उद्देश.