शाळेसाठी कॅमेरा घेताना

शाळेत व्हिडिओ संकलनाचा वर्ग सुरू करायचं ठरलं, की पहिली चौकशी होते ती फोर-के कॅमेऱ्याची. तो हट्ट नको. सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने टिपलेलं चित्रण मिनिटाला तब्बल 750 मेगाबाइट जागा खातं आणि शाळेतले जुने संगणक तिथेच अडतात. शिकायला फुल एचडी भरपूर झालं.

खरा पैसा आवाजावर घालावा. बाहेरचा माइक जोडायची सोय नसेल, तर तो कॅमेरा घेऊच नये. कॉलरला लावायचा साधा माइक आणि हेडफोन हाताशी असला, की मुलाखतीतलं वाक्य नेमकं कुठे तोडायचं, हे मुलांना कानानेच कळू लागतं. वर्गातल्या पंख्याची घरघर मागाहून काढणं मात्र फार जिकिरीचं.

आणखी एक. आपली वीज 50 हर्ट्झची. म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर एक-पन्नासांश सेकंद ठेवता आलं पाहिजे. नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकण्याची भीती असते.

दुकानातच मिनिटभर चित्रण करून घ्या, ते शाळेच्या संगणकावर चालवून पाहा, आणि मगच पैसे मोजा.