आपलं चित्र आपणच काढू या

(गडमुडशिंगी येथे ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बचत, कर्ज आणि हप्त्याचा विषय झाला. आता जरा वेगळं मांडते. पहिल्यांदा हसू येईल, पण शेवटपर्यंत ऐका.

आपल्या प्रत्येकीजवळ आपले स्वतःचे फोटो किती आहेत? आधारकार्डावर एक, पासबुकावर एक, आणि लग्नाच्या आल्बममध्ये मान खाली घातलेले बरेच. हे सगळे दुसऱ्याने काढले. "मान सरळ करा, पदर नीट घ्या, हसू नका," हेही दुसऱ्यानेच सांगितलं. मी मला कशी दिसते, हे आपल्यापैकी कितीजणींनी कधी मांडलंय?

शहरातल्या मोठ्या चित्रसंग्रहालयांत यासाठी वेगळी जागा करतात. भिंतीला आरसे, समोर कागद आणि पेन्सिली. बघायला आलेल्याने आरशात बघायचं, आपलं चित्र काढायचं आणि तिथंच भिंतीला लावून जायचं. कलाकार फक्त जागा मांडून देतो, ती भरतात येणारी माणसं. असल्या कामाला मांडणशिल्प म्हणतात. आपण हळदीकुंकवाला रांगोळीची चौकट आखतो आणि येणारी प्रत्येकजण तिच्यात रंग भरते, तसंच हे.

फ्रान्समध्ये जेआर नावाचा कलाकार आहे. २००९ साली त्यानं केनियातल्या नैरोबी शहरात, किबेरा नावाच्या झोपडपट्टीत, तिथल्याच बायकांचे डोळे आणि चेहरे भलेमोठे छापून घरांच्या पत्र्यांवर अंथरले. छपाई केली होती पाण्याने न भिजणाऱ्या कापडावर, म्हणजे पावसाळ्यात छप्परही गळू नये. बघा, शोभाही झाली आणि कामही झालं. पुढं २०११ पासून त्यानं लोकांनाच सांगितलं, तुमचे फोटो पाठवा, मी मोठे छापून देतो, तुमच्या गावच्या भिंतीवर तुम्हीच लावा. अनेक देशांतल्या लोकांनी लावले.

मेक्सिकोत फ्रिडा काहलो नावाची बाई होऊन गेली. १९२५ साली, अठरा वर्षांची असताना, बसच्या अपघातात तिचं अंग मोडलं. अंथरुणाला खिळली. आईनं पलंगाच्या वर आरसा बसवून दिला. समोर दिसत होतं ते एकच माणूस, म्हणून ती स्वतःलाच काढत गेली. जुळलेल्या भुवया, ओठावरची लव, अंगातलं दुखणं, काहीच लपवलं नाही. आज तीच चित्रं जगभर बघितली जातात.

आणि आपलं कोल्हापूर तर कलापूर! आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर इथलेच. चित्रकार म. वि. धुरंधर यांचा जन्म कोल्हापूरचा. त्यांची लेक अंबिका मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकली आणि चित्रकार झाली. बायकांना चित्रकला नवी नाहीच. वारली लोकांत लग्नाचा चौक भिंतीवर सवाष्णीच काढत आल्या. दोन त्रिकोण जोडले की माणूस उभा राहतो.

"मला चित्र येत नाही," असं म्हणणाऱ्या काकूंसाठी सोपी युक्ती सांगते. आरशासमोर उभ्या राहा, एक डोळा झाका आणि साबणाच्या वडीनं आरशावरच आपल्या चेहऱ्याची कड गिरवा. मग मोजा. ती कड तुमच्या तोंडाच्या बरोबर निम्मी भरेल. लांब जा, जवळ या, निम्मीच! दुसरी गोष्ट, डोळे कपाळाजवळ काढू नका. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. करून बघा.

माझा प्रस्ताव असा. पुढच्या सभेला एका भिंतीजवळ दोन आरसे टांगू. चुलीतला कोळसा, गेरू, हळद, काजळ आणि कोरे कागद ठेवू. प्रत्येकीनं स्वतःला काढायचं. हातात काय दाखवायचं ते तिचं तिनं ठरवायचं. कुणी दुधाची किटली दाखवेल, कुणी खुरपं, कुणी शिलाई मशीन, कुणी गटाचं हिशोबाचं रजिस्टर.

आता ज्यासाठी उठले ते बोलते. आपल्या गटांत नवरा गेलेल्या बहिणी आहेत. चित्रात कपाळ आलं की त्या थांबतील. टिकली काढू का नको? कोण काय म्हणेल? याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. कागदावर ठराव झाला, पण कपाळावरचा निर्णय अजून शेजारणीच्या नजरेवर चालतो. ती नजर म्हणजे आपणच न्हवं का?

म्हणून त्या भिंतीजवळ तीन नियम पाळू. एक, टिकली, कुंकू, गजरा ज्या बहिणीला काढावासा वाटेल तिनं काढावा, ज्या बहिणीला नको तिनं काढू नये, आणि दोन्हींवर कुणी तोंड उघडायचं नाही. दोन, चित्राला हसायचं नाही, "रंग सावळाच काढलास की गं," असलं बोलायचं नाही. तीन, बहिणीला विचारल्याशिवाय तिच्या चित्राचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. एखादीला काढायचंच नसेल, तर तिनं नुसतं नाव लिहावं. सही शिकलेल्या आपल्या म्हाताऱ्या आक्कांची सही हेसुद्धा त्यांचं चित्रच आहे.

चित्रं महिनाभर भिंतीवर राहू द्यात. सभेला येताना घरची पोरं आणि कारभारी बघतील. आपली आई, आपली बायको स्वतःला कशी बघते, हे त्यांनाही एकदा कळू दे.

खर्च फक्त कागदाचा. आरसे दोन घरांतून आणू, साबण मी आणते. मान्य असेल तर हात वर करा, आणि सचिव ताई, ठराव रजिस्टरला लिहून घ्या.