पाठीराख्यांचे पत्र कोणाचे?



या व्यासपीठावर फुटबॉलचा विषय आलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आम्ही आज खेळाविषयी थोडेच बोलणार आहोत. हौसेने सुरू केलेले एखादे सार्वजनिक काम पंचवीस-तीस वर्षे चालते, आणि एके दिवशी ते चालविणारी मंडळी म्हणतात, "आता आमच्याने होत नाही." अशा वेळी त्या कामाचे पुढे काय करायचे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा आमचा प्रश्न आहे. त्यासाठी इंग्लंडातील फुटबॉलच्या पाठीराख्यांनी स्वतः काढलेल्या नियतकालिकांचे उदाहरण आम्ही घेत आहोत.

तिकडे या पत्रांना 'फॅनझीन' म्हणतात. १९७२ साली केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी 'फाऊल' नावाचे पत्र काढले. ते १९७६ साली थांबले. १९८४ साली ब्रॅडफर्ड येथे 'द सिटी जेंट' निघाले आणि १९८६ साली लंडनात 'व्हेन सॅटर्डे कम्स'. अशी पत्रे पुढे गावोगाव निघाली. लिहिणारे पगारी नव्हेत. अंक छापायचा आणि सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर उभे राहून विकायचा, असा बहुतेकांचा क्रम.

काळ मोठा कठीण होता. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानाला आग लागून ५६ माणसे दगावली. पुढे अठराच दिवसांनी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर ३९ माणसे मेली. त्यात लिव्हरपूलच्या काही पाठीराख्यांचा दोष होता, हे खरे; पण त्यानंतर सामना पाहणारा प्रत्येकच दंगेखोर मानला जाऊ लागला. प्रेक्षकाने ओळखपत्र दाखवूनच मैदानात जावे, असा कायदा सरकारने १९८९ साली केला. पाठीराख्यांच्या पत्रांनी या कल्पनेस विरोध केला. हिल्सबरोच्या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनीही जानेवारी १९९० मध्ये प्रतिकूल मत दिले, आणि ती योजना बारगळली.

अशा पत्राचे सामर्थ्य किती, हे चार्ल्टनच्या हकीकतीवरून दिसते. १९८५ साली चार्ल्टन क्लबने 'द व्हॅली' हे आपले जुने मैदान सोडले. १९८८ साली पाठीराख्यांनी 'व्हॉइस ऑफ द व्हॅली' हे पत्र काढून परतण्याची मागणी लावून धरली. पुढे ग्रिनिच नगरपालिकेने मैदानाच्या योजनेस परवानगी नाकारली, तेव्हा या मंडळींनी 'व्हॅली पार्टी' नावाचा पक्षच काढला आणि मे १९९० च्या निवडणुकीत १४,८३८ मते मिळविली! ५ डिसेंबर १९९२ रोजी क्लब आपल्या मैदानावर परत खेळला. निवडणुकीची कल्पना पटवून द्यायला आधी वाचकवर्ग असावा लागतो. तो त्या पत्राने घडविला होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संपादक थकले, छपाई महागली, वाचक इंटरनेटकडे वळला. पुढे तीन वाटा दिसतात : बंद करणे, विकणे, किंवा वाचकांच्या हाती सोपविणे.

बंद करण्यात लाज नाही. 'फाऊल' थांबले म्हणून ती कल्पना मेली नाही. दहा वर्षांनी दुसऱ्यांनी ती उचललीच. विकण्याविषयी मात्र आमचे मन साशंक आहे. घेणारा पैसे मोजतो ते जुन्या कागदांसाठी नव्हे, तर नावाभोवती जमलेल्या विश्वासासाठी. तो विश्वास जमला, कारण लिहिणारास क्लबच्या मालकाची भीड नव्हती. गुंतविलेला पैसा वसूल करावयास निघालेल्या धन्याला ती निर्भीडता परवडेलच असे नाही.

तिसरी वाट सर्वांत गोड वाटते. २००२ साली विम्बल्डन क्लबला दूरच्या मिल्टन कीन्स येथे जाण्यास परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी काही आठवड्यांतच 'एएफसी विम्बल्डन' हा नवा क्लब उभा केला. 'डॉन्स ट्रस्ट' या सभासदांच्या संस्थेने तो चालविला. तेथे प्रत्येक सभासदास एक मत. तो क्लब २०११ साली फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० साली प्लाऊ लेन भागात, म्हणजे आपल्या जुन्या घरी, परतला. पण हे केवळ हात वर करून झालेले नाही. तिकिटे फाडायला, वर्गणी गोळा करायला माणसे पुढे आली, म्हणून झाले. मत देणारे शंभर आणि काम करणारे दोन, अशी स्थिती असेल तर सभासदांची सत्ता म्हणजे त्या दोघांवर लादलेली वेठ होय.

म्हणून आमचे मत असे आहे. थांबण्याचा अधिकार राबणाऱ्यांचा; थकलेल्या माणसास 'चालवाच' असे सांगण्याचा हक्क कोणासही नाही. परंतु पत्राचे नाव, वर्गणीची शिल्लक आणि जुने अंक ही एकट्या संपादकाची मालमत्ता नव्हे. त्याने निदान एक वर्ष आधी वाचकांस सांगावे, हिशेब उघडा ठेवावा, आणि 'चालू ठेवा' म्हणणाऱ्या प्रत्येकास विचारावे, "आपण कोणते काम घेणार?" हात मिळाले तर पत्र त्यांच्या स्वाधीन करावे. न मिळाले तर शेवटचा अंक काढावा, उरलेली वर्गणी परत करावी आणि सर्व अंक ग्रंथालयात नेऊन ठेवावेत.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नये. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो येथे झालेल्या चेंगराचेंगरीत अखेर ९७ माणसांचे प्राण गेले. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी दोष पाठीराख्यांच्या माथी मारला. मृतांच्या नातलगांनी हार मानली नाही, आणि २०१६ साली चौकशीतील ज्यूरीने सांगितले की, पाठीराखे निर्दोष होते. मध्ये सत्तावीस वर्षे गेली. सामान्य माणसाची बाजू सरकारी दप्तरात आपोआप नोंदली जात नाही. ती त्याने स्वतः लिहावी लागते आणि कोणीतरी जपावी लागते.

श्रोतेहो, आपल्या गावातही वाचनालये आहेत, तालमी आहेत, ज्यांचा भार दोघा-चौघा वृद्धांच्या खांद्यांवर आहे. ती मंडळी 'पुरे' म्हणण्यापूर्वीच आपण त्यांच्याकडे जावे, आणि सल्ला देण्याऐवजी एखादे काम मागून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.