युद्ध, महागाई आणि उधारीवरचा बाजार



अंबरनाथ पश्चिमेला युद्ध हा विषय परका नाही. आयुध निर्माणी इथेच आहे. शेजारचे उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागी वसले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी ते उभे केले. युद्धामुळे कच्चे तेल भडकले की इथल्या रसायन कारखानदारांचा हिशेब बिघडतो. युद्धाची ही झळ बाजारामार्गे घरापर्यंत कशी पोहोचते, याचा सर्वांत जवळचा धडा मुंबईच्याच इतिहासात आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्लंडची मागणी मुंबईकडे वळली. भाव कडाडले. शहरात पैसा आला, तशी घरभाडी, मजुरी, धान्य सारेच महागले. हातात खुळखुळणाऱ्या पैशाला वाट हवी होती. नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्रात भराव टाकणाऱ्या कंपन्या धडाधड निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला बँक ऑफ बॉम्बेत मोठे वजन होते, आणि कर्जाला तारण म्हणून फुगलेल्या भावाचे शेअरच चालत होते.

एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले आणि कापूस कोसळला. १ जुलै ही शेअरच्या वायद्यांच्या पूर्ततेची तारीख होती. त्या दिवशी सौदे होते, देणेकरी होते, फक्त पैसे नव्हते. पुढे १८६८मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली.

शांततेच्या बातमीने शहर बुडाले, कारण तेजी उधारीवर उभी होती.

आता अलीकडचा दाखला घ्या. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि सेन्सेक्स २,७०२ अंकांनी आपटला. दुसऱ्याच दिवशी तो १,३२८ अंकांनी सावरला. वर्षअखेरीस ६०,८०० वर होता. घाबरून विकणाऱ्याने तोटा पक्का करून घेतला. महागाईचा मार मात्र सावकाश आला. तेल शंभर डॉलरपार गेले, एप्रिलमध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर पोहोचली, आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. बदलापूरला घर घेतलेल्या कुटुंबाचे २५ लाखांचे, वीस वर्षांचे कर्ज धरा. व्याज ७ वरून साडेनऊ टक्के झाले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १९,४०० वरून २३,३०० वर जातो. मग पहिली कात्री एसआयपीला लागते.

दुसरा धोका वायद्यांचा. २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांनी पैसे गमावले, असे सेबीच्या अभ्यासात दिसले. १८६५चा सौदा आता मोबाइलवर होतो, एवढाच फरक.

म्हणून या परिषदेसमोर अध्यक्षपदावरून एक सूचना आहे. कोणतीही योजना सुचवण्याआधी सल्लागाराने प्रत्येक ग्राहकाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आहे का, कर्जाचा व्याजदर बदलता आहे का, आणि शेअर उधारीवर किंवा मार्जिनवर घेतले आहेत का. उत्तरे समाधानकारक नसतील, तर आधी कर्ज हलके करावे, शेअरचे मग बघावे. ही सूचना ठराव म्हणून आजच्या खुल्या अधिवेशनात मांडली जावी.