मामाची यादी

माझा मामा अंबरनाथला राहतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, पण दुकानात सांगितलेल्या तीन वस्तूंतली एक राहतेच. लोक म्हणतात, आळशी आहे. नाही हो! लक्ष आणि स्मरणशक्ती मंदावणं हाही आजाराचाच भाग, आणि त्यावर मान्यता मिळालेलं औषध अजून नाही.

इक्लेपर्टिनवर माझी आशा होती. मेंदूतल्या पेशींच्या जोडांपाशी ग्लायसिन वाढवणारी गोळी. दुसऱ्या टप्प्यात निकाल चांगले आले. मग तिसरा टप्पा: सहा महिने काहींना खरी गोळी, काहींना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली. जानेवारी २०२५ मध्ये कळलं, म्हणावा असा फरक नाही. कोडची टेस्ट फेल झाली की मी शिव्या घालतो, इथे मात्र गप्पच बसलो.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, "मग यादी लिहून दे ना."

दिली. काल दूध आलं, पोहे आले. यादी दुकानात राहिली.